सहा महिने संपल्यावर काय? ब्रिटनमधल्या नगरपालिकांनी तरुणांना कामावर घेतले त्याचे प्रकरण

तालुक्याच्या गावातल्या मुलांना काम मिळवून देणे हे नगरपालिकेचे काम आहे का? सर्वसाधारण सभेत हा विषय निघाला, तर उत्तर बहुधा ठरलेले असते. पाणी, गटारे, दिवाबत्ती, कचरा आणि करवसुली यांतच आस्थापना पिचून गेली आहे, रोजगार हा राज्याचा विषय. वर्षाकाठी एखादा रोजगार मेळावा भरतो, पालिका त्याला सभागृह देते आणि तिचा भाग तिथे संपतो. मला हे उत्तर मान्य नाही. का मान्य नाही, ते सांगायला ब्रिटनमधले एक प्रकरण सगळ्यात उपयोगी पडते. तिथे २००९ ते २०११ या काळात पालिकांनी आणि त्यांच्या ओळखीतल्या स्थानिक संस्थांनी तरुणांना सहा महिन्यांच्या पगारी नोकऱ्या दिल्या आणि पैसे केंद्र सरकारने दिले. एक लाखाहून जास्त जण त्यातून कामाला लागले. नवे सरकार येताच योजना पैशाला परवडत नाही म्हणून बंद झाली. समाजाच्या एकूण हिशोबात ती परवडत होती, हे सरकारच्याच अभ्यासात निघाले, पण तोवर निर्णयाला अडीच वर्षे होऊन गेली होती.

योजनेचे नाव ‘फ्यूचर जॉब्ज फंड’. तिची कल्पना लंडनच्या मंत्रालयात नव्हे, एका खाणगावाच्या पालिकेत रुजली.

बार्न्सली

बार्न्सली हे साउथ यॉर्कशायरमधले कोळशाचे गाव. ब्रिटनच्या खाणकामगार संघटनेची कचेरी याच गावात. मार्च १९८४ ते मार्च १९८५ असा वर्षभर चाललेला खाणकामगारांचा संप मोडला आणि पुढच्या दहा वर्षांत तिथल्या खाणी एकामागून एक बंद पडल्या. मुंबईच्या गिरणगावाने १९८२ च्या संपानंतर जे सोसले, त्याच जातीचे हे दुःख. फरक एवढाच की गिरण्या गेल्या तरी मुंबई उरली, तिथे टॅक्सी होती, बंदर होते, फेरीचा धंदा होता. बार्न्सलीच्या आसपासच्या वस्त्यांना खाणीखेरीज दुसरा आधारच नव्हता.

अशा गावात बेकारी बापाकडून मुलाकडे जाते, आणि ती आळसाने जात नाही. कष्टकऱ्याच्या पोराला पहिली नोकरी बहुतेक वेळा ओळखीतून लागते. बाप ज्या खाणीत, काका ज्या वर्कशॉपमध्ये, तिथेच कुणीतरी शब्द टाकतो. घरातल्या कुणालाच काम नसले की शब्द टाकणाराच उरत नाही. मुलगा अर्ज करत राहतो, प्रत्येक ठिकाणी अनुभव विचारतात, आणि अनुभव द्यायला कुणी तयार नसते. गुण, शिस्त, इंग्रजी, संगणक या सगळ्यांवर आपण बोलतो. या अडकलेल्या पहिल्या पायरीबद्दल मात्र फार कमी बोलतो.

बार्न्सली पालिकेचे १९९६ पासूनचे नेते स्टीव्ह हॉटन यांना हे रोज दिसत होते. बेकारी कमी करण्यात इंग्लंडमधल्या स्थानिक संस्था काय करू शकतात, याचा आढावा घेण्याचे काम सरकारने त्यांच्याकडे दिले आणि मार्च २००९ मध्ये त्यांचा अंतिम अहवाल आला. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडून तेव्हा सहाच महिने झाले होते, आणि मंदीत सर्वांत आधी नवी भरती थांबते, म्हणजे सर्वांत आधी तरुणच बाहेर राहतात. अहवालातली एक सूचना सोपी होती: बेकारीची झळ जिथे जास्त आहे तिथल्या पालिका आणि त्यांच्या सोबतच्या संस्थांसाठी एक निधी ठेवा, त्यातून त्यांना मुदतीच्या पण खऱ्या, पगारी नोकऱ्या निर्माण करू द्या.

२२ एप्रिल २००९ रोजी अर्थमंत्री ॲलिस्टर डार्लिंग यांनी अर्थसंकल्पात हा निधी जाहीर केला. सुमारे एक अब्ज पौंड, दीड लाख नोकऱ्यांचे लक्ष्य, त्यातल्या एक लाख १८ ते २४ वयोगटासाठी आणि उरलेल्या जास्त बेकारीच्या भागांसाठी. ऑक्टोबरमध्ये पहिली मुले कामावर हजर झाली. अहवाल ते हजेरी, सात महिने. सरकारी कामाला हा वेग आला, कारण योजना राबवणाऱ्यांना नव्याने काही उभारायचे नव्हते. पालिकांकडे कचेऱ्या होत्या, शाळा होत्या, बागा होत्या आणि गावातल्या संस्थांशी जुने संबंध होते.

अटी

एका नोकरीमागे सरकार जास्तीत जास्त ६,५०० पौंड देणार, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण पाच लाख रुपये. नोकरी किमान सहा महिन्यांची, आठवड्याला किमान २५ तास, पगार कायद्याने ठरलेल्या किमान वेतनाइतका तरी हवाच. काम असे हवे की त्यातून गावाचे काही भले होईल. आणि सगळ्यात महत्त्वाची अट: हे काम ‘जादा’ असले पाहिजे. ज्या जागा पालिकेने तशाही भरल्याच असत्या, त्या या पैशातून भरायच्या नाहीत.

या अटींचा अर्थ एका मुलीच्या हिशोबातून नीट कळतो. समजा ती २० वर्षांची आहे आणि बरेच महिने बेकार भत्त्यावर आहे. २००९-१० मध्ये पंचविशीच्या आतल्या बेकाराला आठवड्याला ५०.९५ पौंड भत्ता मिळत होता. ऑक्टोबर २००९ पासून १८ ते २१ वयासाठी किमान वेतन तासाला ४.८३ पौंड होते. आठवड्याचे २५ तास धरले तर हातात १२०.७५ पौंड, म्हणजे भत्त्याच्या दुपटीहून जास्त. २६ आठवड्यांचा तिचा पगार होतो ३,१३९.५० पौंड. ती २२ वर्षांची असती तर ५.८० पौंडांच्या दराने ३,७७० पौंड झाले असते.

म्हणजे ६,५०० पैकी निम्मी किंवा थोडी अधिक रक्कम पगाराला गेली. उरलेल्यातून तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या माणसाचा वेळ, प्रशिक्षण, गणवेश, प्रवास आणि पुढची नोकरी शोधायला मदत एवढे सगळे भागवायचे. योजना महाग आहे अशी टीका करणाऱ्यांनी ६,५०० हा एकच आकडा पाहिला. माझ्या मते योजनेचा खरा जीव याच दुसऱ्या निम्म्यात होता. नुसता पगार दिला आणि मुलीला कोपऱ्यातल्या टेबलावर बसवून ठेवले, तर सहा महिन्यांनी तिच्याकडे दाखला असतो, कसब नसते.

कामे कोणती? बागांची देखभाल, शाळेत मदतनीस, वृद्धांची काळजी, ग्रंथालय, कचऱ्याचा पुनर्वापर, मुलांचे खेळ घेणे, गृहनिर्माण संस्थांच्या कचेरीतली कामे. सगळी मुले पालिकेतच बसली असे झाले नाही, आणि हे मला योजनेचे मोठे शहाणपण वाटते. एखाद्या छोट्या धर्मादाय संस्थेला एका मुलाची गरज असते, पण एका जागेसाठी सरकारकडे प्रस्ताव पाठवणे, हिशोब ठेवणे, तपासणीला तोंड देणे तिला झेपत नाही. तिथे पालिका मध्ये आली. अशा अनेक संस्थांच्या जागा तिने एकत्र केल्या, प्रस्ताव एकच पाठवला, पैशाची जबाबदारी स्वतः घेतली. रोजगार केंद्राने उमेदवार पाठवायचे, संस्थेने मुलाखत घेऊन निवडायचे. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी आपल्याला निवडले आहे, या भावनेचे मोल कोणत्याही तक्त्यात बसत नाही.

‘जादा काम’ ही अट पाळायला मात्र अवघड होती. पालिकेला नेहमीच माणसे कमी असतात, आणि स्वस्तात हात मिळाले की रिकाम्या जागेवर बसवायचा मोह होतो. तसे झाले की दुहेरी नुकसान. कायम जागा भरली जात नाही आणि मुलाला कळते की आपण तात्पुरते ठिगळ आहोत.

बंद करण्याचा निर्णय

मे २०१० च्या निवडणुकीनंतर कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लिबरल डेमोक्रॅट या पक्षांचे संयुक्त सरकार आले. २४ मे रोजी त्यांनी ६.२ अब्ज पौंडांची तातडीची कपात जाहीर केली आणि ही योजना त्या यादीत होती. आधी मंजूर झालेल्या जागांवर मार्च २०११ पर्यंत मुले घेतली गेली, मग दार बंद. तोवर १ लाख ५ हजारांहून थोडे अधिक जण कामाला लागून गेले होते.

या तारखा शेजारी ठेवून पाहा. पहिली मुले ऑक्टोबर २००९ मध्ये लागली, त्यांचे सहा महिने एप्रिल २०१० मध्ये संपले आणि मे महिन्यात निर्णय झाला. पहिल्या तुकडीचे पुढे काय झाले, हे कळायला जेमतेम काही आठवडे मिळाले होते. निकालासाठी पुरेशी माहितीच हाती नव्हती, याकडे संसदेच्या कामकाज व निवृत्तिवेतन समितीनेही डिसेंबर २०१० मध्ये लक्ष वेधले.

नंतर सुरुवातीचे आकडे आले, तेही निराश करणारे. कामाला लागल्यापासून सातव्या महिन्यात जवळपास निम्मी मुले पुन्हा भत्त्यावर होती. बंद करणाऱ्यांना आपला निर्णय बरोबर ठरल्यासारखे वाटले असणार. पण सहा महिन्यांचा करार संपल्यावर सातव्या महिन्यात मोजणी केली, तर भत्त्यावर परतलेली माणसे दिसणारच. त्यातच ऑक्टोबर २०१० च्या खर्च आढाव्यात स्थानिक संस्थांच्या अनुदानाला मोठी कात्री लागली. ज्या पालिकांनी चांगल्या मुलांना पुढे ठेवून घेतले असते, त्या स्वतःचीच माणसे कमी करू लागल्या.

दोन वर्षांनी

नोव्हेंबर २०१२ मध्ये त्याच सरकारच्या कामकाज व निवृत्तिवेतन खात्याने योजनेच्या परिणामांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. पद्धत चोख होती. सुरुवातीच्या महिन्यांत कामाला लागलेली मुले घेतली, त्यांच्यासारख्याच पार्श्वभूमीची पण योजनेत न आलेली मुले निवडली आणि दोन्ही गटांचा १०४ आठवडे माग ठेवला. पहिल्या सहा महिन्यांत अर्थातच योजनेतली मुले पुढे. सातव्या महिन्यात अंतर एकदम घटले. पण ते पुसले गेले नाही. दोन वर्षांच्या शेवटी योजनेतली मुले भत्त्यावर असण्याचे प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा ७ टक्के-बिंदूंनी कमी होते आणि सरकारी मदतीशिवायच्या नोकरीत असण्याचे प्रमाण ११ टक्के-बिंदूंनी जास्त. नोकरी देणारा योजनेतून केव्हाच बाहेर पडला होता, तरीही मुले टिकून होती.

पैशाचा हिशोबही त्यात आहे. दर मुलामागे मुलाचा निव्वळ फायदा सुमारे ४,००० पौंड, कामावर घेणाऱ्या संस्थेचा सुमारे ६,८५०, सरकारी तिजोरीवर निव्वळ बोजा सुमारे ३,१००. सगळे मिळून समाजाच्या पदरात दर मुलामागे सुमारे ७,७५० पौंड. ६,५०० पौंडांची नोकरी तिजोरीला ३,१०० ला पडली, कारण भत्ता वाचला आणि मुले कर भरू लागली. तिजोरीच्या हिशोबाने योजना तोट्यातच होती, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तेवढ्या तोट्यात समाजाला जे मिळाले, ते दुसऱ्या कोणत्या खर्चातून मिळाले असते, हा प्रश्न विचारायला हवा होता.

दरम्यान पालिका बाजूला पडल्या होत्या. जून २०११ पासून आलेल्या ‘वर्क प्रोग्रॅम’मध्ये मोठमोठ्या कंत्राटदारांना विभागवार कामे दिली गेली आणि माणूस नोकरीत टिकला की पैसे, अशी पद्धत ठेवली. एप्रिल २०१२ मध्ये तरुणांना कामावर घेणाऱ्या मालकांसाठी २,२७५ पौंडांपर्यंतचे अनुदान सुरू झाले, त्याला प्रतिसाद कमी मिळाला आणि तेही मुदतीआधी गुंडाळावे लागले. वेल्सच्या सरकारने मात्र २०१२ मध्ये स्वतःची सहा महिन्यांच्या पगारी नोकऱ्यांची योजना काढली. आणि २०२० मध्ये कोविड आला तेव्हा लंडननेही जुनाच साचा पुन्हा बाहेर काढला: ‘किकस्टार्ट’, तेच २५ तास, तेच सहा महिने, तेच किमान वेतन. यावेळी खासगी मालकांनाही दार उघडे होते. सुरुवातीला एका अर्जात किमान ३० जागांची अट होती, म्हणून छोट्या मालकांच्या जागा गोळा करून देणारे मध्यस्थ लागले, आणि अनेक पालिकांनी पुन्हा तीच भूमिका केली.

आपल्याकडे

आपल्याला हे प्रकरण दूरचे वाटायचे कारण नाही. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, तीही सहा महिन्यांचीच. १८ ते ३५ वयोगटातल्या मुलांना बारावीसाठी महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकेसाठी ८,००० आणि पदवीधरांसाठी १०,००० रुपये विद्यावेतन, थेट बँक खात्यात. खासगी आस्थापनांबरोबर सरकारी कार्यालये आणि ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या स्थानिक संस्थांनीही प्रशिक्षणार्थी घेतले. पुढे मुदत ११ महिन्यांपर्यंत वाढवली, आणि ती संपत आली तशी कायम करा या मागणीसाठी मुले रस्त्यावर उतरली.

या मुलांना दोष देणे मला पटत नाही. ज्याने वर्षभर नमुना आठचे उतारे काढून दिले, दाखल्यांचे अर्ज ऑनलाइन भरले, घरपट्टीच्या नोंदी चढवल्या, त्याला आता तुझे काम संपले असे सांगायचे तर त्याने जायचे कुठे? पुढचा महिना कुणी आधी आखलाच नव्हता. ब्रिटनमध्ये निदान कागदावर तरी पुढची नोकरी शोधून देण्याचा खर्च त्या ६,५०० मध्ये धरलेला होता. आपल्याकडे रोजच्या कामाची जागा स्थानिक संस्थेने दिली आणि विद्यावेतन राज्याने दिले. मुलाला तिथून पुढे पोचवण्याची जबाबदारी मात्र कुणाच्याच नावावर लागली नाही. ती जबाबदारी नगरपालिका घेऊ शकते, कारण गावातले मालक तिला माहीत असतात. व्यवसाय परवाने तिच्याकडे, बांधकाम परवानग्या तिच्याकडे, मालमत्ता कराच्या यादीत कारखाने, दवाखाने, मंगल कार्यालये, शोरूम सगळी आहेत. गावात कुठे काय उघडते आहे, हे जिल्ह्याच्या रोजगार कार्यालयाच्या आधी पालिकेच्या टेबलावर येते.

पहिल्या दिवसापासून करता येण्यासारखे काही आहे. प्रशिक्षणार्थी घेताना त्याच्या कामाचा एक कागद करावा: तो काय करणार, कोणाच्या हाताखाली करणार, सहा महिन्यांत काय शिकून बाहेर पडणार. रिक्त मंजूर पदाचे काम त्या कागदावर येऊ नये. चौथ्या महिन्यात त्याच्या बायोडेटासह गावातल्या चार मालकांकडे पालिकेच्या अधिकाऱ्याने स्वतः फोन करावा. मुलाच्या अर्जाला जे उत्तर मिळत नाही, ते मुख्याधिकाऱ्याच्या फोनला मिळते. शेवटी दिलेल्या दाखल्यात नुसते ‘समाधानकारक’ न लिहिता तो नेमके काय करू शकतो ते लिहावे.

दुसरी जागा म्हणजे ठेके. घनकचरा, रस्ते, दिवाबत्ती, पाणीपुरवठ्याची दुरुस्ती, सगळे ठेकेदाराकडे आहे. ब्रिटनमध्ये जानेवारी २०१३ पासून लागू झालेल्या कायद्याने सार्वजनिक सेवांचे ठेके देताना स्थानिक समाजाच्या भल्याचा विचार करणे बंधनकारक केले, आणि अनेक पालिका ठेक्यातच स्थानिक तरुणांच्या शिकाऊ जागा लिहून घेऊ लागल्या. आपल्याकडे शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ पासून आहे. ३० किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे, असा आजचा नियम आहे. मोठ्या ठेकेदाराला तो लागू होतो. तो पाळला की नाही, हे बिल मंजूर करणाऱ्या टेबलावर विचारायला नव्या शासन निर्णयाची गरज नाही.

आणि मोजणी. बार्न्सलीच्या माणसाने सुचवलेली योजना सातव्या महिन्याच्या आकड्यांत वाईट दिसली आणि चोविसाव्या महिन्यात चांगली. महाराष्ट्रातल्या प्रशिक्षणार्थींचे दोन वर्षांनी काय झाले, हे मोजायचे असेल तर ती नोंद आजच सुरू करावी लागेल, आणि नगरपालिकेइतकी जवळची दुसरी जागा त्यासाठी नाही. पालिकेतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाचे नाव, मोबाइल, शिकलेले काम, आणि पुढे चार रकाने: सहा महिन्यांनी, वर्षाने, दीड वर्षाने, दोन वर्षांनी. फोन करायला एक लिपिक, महिन्याला दोन दिवस. पुढच्या अर्थसंकल्पाच्या सभेत एखाद्या नगरसेवकाने हे रजिस्टर मागितले, तर ते दाखवता आले पाहिजे.